दौंडचा आकडा

पावसाळा अंगात आला की करमाळा, इंदापूर, माढा, पंढरपूर या भागातला नदीकाठचा माणूस सकाळी पहिली चौकशी करतो ती दौंडच्या विसर्गाची. दहा-वीस हजार क्युसेक, म्हणजे सेकंदाला दहा-वीस हजार घनफूट, असेल तर तो निवांत असतो. आकडा पन्नास हजारांवर गेला की नदीतल्या मोटारी वर काढायची घाई सुरू होते, आणि लाखाकडे झुकू लागला की उजनी धरणाच्या खाली पंढरपूरपर्यंत सगळी यंत्रणा जागी होते. देशाला दौंड ठाऊक आहे ते रेल्वे जंक्शन म्हणून. भीमाकाठाला मात्र दौंड ठाऊक आहे ते या आकड्यामुळे.

हा आकडा कुठून येतो, तो कोण काढते आणि त्यासाठी किती वर्षांची शिस्त लागली, याची हकिकत या स्मरणिकेत असावी, असे मला मनापासून वाटते. दौंडजवळ भीमेवर केंद्रीय जल आयोगाचे मापन केंद्र आहे. त्याचा इतिहास आयोगाच्या इतिहासाचा भाग आहे, आणि आयोगाचा इतिहास या देशातल्या नद्या मोजण्याच्या इतिहासाचा. त्यामुळे सुरुवात थोडी लांबून करावी लागेल.

आधी भूगोल. भीमाशंकरला उगम पावलेली भीमा खाली येताना भामा घेते, तुळापूरला इंद्रायणी घेते, शिरूर तालुक्यातून वेळ नदी तिला मिळते. रांजणगाव सांडसला पुण्याचे सगळे पाणी पोटात घेऊन आलेली मुळा-मुठा तिच्यात मिसळते. उत्तरेकडून कुकडीला सोबत घेऊन शिरूरवरून घोड येते. हे सगळे जमेला धरले की दौंडच्या वरचे पाणलोट क्षेत्र सुमारे ११,६६० चौरस किलोमीटर भरते. उजनी धरणाचे एकूण पाणलोट सुमारे १४,८५० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे उजनीवर पाणी वाहून आणणाऱ्या मुलखाचा जवळजवळ चार-पंचमांश भाग दौंडच्या एका काटछेदातून जातो. उजनीचा येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, सांगायचा असेल तर दौंडला उभे राहण्यावाचून गत्यंतर नाही.

या ११,६६० चौरस किलोमीटरवर पडलेल्या पावसापैकी फक्त एक सेंटीमीटर जाडीचा थर वाहून नदीत आला, तर तो चार टीएमसीहून, म्हणजे चार अब्ज घनफुटांहून, थोडा जास्त होतो. एवढा विस्तार आहे, म्हणून थोड्याशा फरकाने आकडे फार हलतात. शिवाय हा विस्तार एकजिनसी नाही. ताम्हिणी-लोणावळ्याकडच्या घाटमाथ्यावर वर्षाला चार-पाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तिथून सरळ रेषेत शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या दौंडला पाचशेच्या आसपास. एवढ्याशा अंतरात पावसाचा दसपट फरक असलेले खोरे जगात फार नाहीत. दौंडच्या माणसाने अंगणात उभे राहून आभाळाकडे पाहिले तर नदीला पूर येणार की नाही हे त्याला कळायचे नाही, कारण पूर आणणारा पाऊस त्याच्या आभाळातला नसतोच.

हा फरक आकड्यांत बांधायचे काम आपल्याच भागात झाले, याचा अभिमान वाटायला हवा. मुंबई इलाख्याने १९१६ साली पाटबंधाऱ्यांसाठी एक खास विभाग काढला. पुढे तो खडकवासल्याला स्थिरावला आणि आज केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र म्हणून जगभर ओळखला जातो. क्लॉड इंग्लिस हे त्याचे नाव मोठे करणारे अभियंता. इंग्लिस आणि डिसूझा यांनी १९३० च्या सुमारास मुंबई इलाख्यातल्या पाणलोटांच्या नोंदी एकत्र करून पाऊस आणि वाहून येणारे पाणी यांचे नाते सांगणारी दोन सूत्रे दिली. एक घाटासाठी, दुसरे देशावरच्या पठारासाठी. घाटासाठी ते म्हणतात, वर्षाच्या पावसाचे ८५ टक्के घ्या आणि त्यातून साडेतीस सेंटीमीटर वजा करा. देशावरचे सूत्र वेगळे आहे. पावसातून १७.८ सेंटीमीटर वजा करा, उरलेल्याला पुन्हा पावसाने गुणा आणि २५४ ने भागा.

ही सूत्रे वार्षिक सरासरीची आहेत, जमीन काळी की माळाची, पीक ऊस की ज्वारी हे त्यांना कळत नाही. तरी एकदा कागदावर मांडून पाहा. घाटात ५०० सेंटीमीटर पाऊस पडला तर ३९४ सेंटीमीटर पाणी वाहते. देशावर ५० सेंटीमीटर पडला तर सव्वासहा सेंटीमीटरच्या आसपास वाहते. पाऊस दसपट, वाहणारे पाणी साठपटीच्या पुढे. आता दोन्हीकडे पाऊस एक-पंचमांशाने कमी करा. घाटातले पाणी २१-२२ टक्क्यांनी घटते. देशावरचे सव्वासहावरून साडेतीनवर येते, म्हणजे जवळजवळ निम्मे जाते. पाऊस थोडाच कमी झाला तरी ओढे का आटतात, पाझर तलाव का भरत नाहीत, याचे उत्तर शिरूर-दौंडच्या शेतकऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या अनुभवातून माहीत होते. इंग्लिस-डिसूझांनी ते अंकांत आणून धरणे आखणाऱ्यांच्या हाती दिले.

त्याआधीचा काळ धरणांचा होता, मोजणीचा कमी. खडकवासल्याचे धरण १८८० च्या आगेमागे पुरे झाले. १८७६ ते ७८ च्या दुष्काळाने कालव्यांची निकड सरकारला पटवली. त्याच दुष्काळात, १८७८ साली, दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि दौंडजवळ भीमेवर रेल्वेचा पूल आला. टाटांनी खोपोलीला १९१५ मध्ये, भिवपुरीला १९२२ मध्ये आणि भिऱ्याला १९२७ मध्ये वीजघरे उभी केली. त्यासाठी लोणावळा परिसरातले आणि मुळशीचे, म्हणजे मुळात भीमेच्या खोऱ्यातले पाणी सह्याद्रीवरून कोकणात उतरले. ते पाणी दौंडला कधीच येत नाही, पण भीमेचा हिशेब मांडताना ते धरावेच लागते.

आता आयोगाकडे येतो. दुसरे महायुद्ध संपत आलेले असताना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकर सांभाळत होते. जलसिंचन आणि वीज यांचे धोरणही त्याच खात्याकडे होते. नदी ही प्रांतांच्या हद्दी ओलांडून जाते, म्हणून तिचा विचार संपूर्ण खोरे धरून व्हावा आणि त्यासाठी देशपातळीवर तज्ज्ञांची संस्था असावी, हा त्या काळातल्या त्यांच्या कामाचा गाभा. त्यातून एप्रिल १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन आणि नौकानयन आयोग स्थापन झाला. डॉ. अयोध्यानाथ खोसला त्याचे पहिले अध्यक्ष. १९५१ मध्ये वीज आयोगाशी जोड होऊन तो केंद्रीय जल व विद्युत आयोग झाला, आणि १९७४ मध्ये दोन्ही पुन्हा वेगळे होऊन आजचा केंद्रीय जल आयोग उरला. बाबासाहेबांचे हे काम त्यांच्या इतर कामांच्या मानाने फार थोड्यांना माहीत आहे. दौंडच्या नदीकाठी उभी असलेली मोजपट्टी त्या विचाराच्या वंशातली आहे, हे आपल्या गावातल्या मुलांना शाळेत सांगितले पाहिजे.

भीमा ही कृष्णा खोऱ्यातली. या खोऱ्याचे आयोगाचे काम हैदराबादहून चालते आणि आपल्या वरच्या भागाचा विभाग पुण्यात आहे. भीमेवर वरून खाली येताना फुलगाव, दौंड, नरसिंहपूर, टाकळी, आणि पुढे कर्नाटकात यादगीर अशी केंद्रांची माळ आहे. फुलगावला दोन हजार चौरस किलोमीटरच्या आसपास असलेले पाणलोट यादगीरला सत्तर हजारांच्या घरात जाते. एका केंद्राचा आकडा खालच्या केंद्राच्या आकड्याशी ताडून पाहायचा, मधल्या भागात काय मिळाले आणि काय गेले ते काढायचे, हीच या कामाची रीत. एकटे केंद्र गावापुरते असते. माळेतले केंद्र खोऱ्याचे होते.

मोजणी कशी होते, हे जरा सावकाश सांगतो, कारण लोकांची समजूत अशी असते की पट्टी पाहिली की विसर्ग कळला. पट्टीवर फक्त पातळी कळते. काठावर पायऱ्यापायऱ्यांनी उभ्या केलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर काळ्या रेघा असतात, त्यांवर पाणी कुठे टेकले ते वाचायचे. एरवी दिवसातून ठरलेल्या वेळी, पुरात दर तासाला, रात्रीसुद्धा. विसर्गासाठी नदीची रुंदी भागाभागांत वाटून घेतात. प्रत्येक भागात खोली मोजतात आणि करंट मीटर पाण्यात सोडतात. हे यंत्र म्हणजे आडव्या चक्रावर बसवलेल्या छोट्या वाट्या. पाण्याच्या ओढीने त्या फिरतात आणि ठरावीक सेकंदांत किती फेरे झाले त्यावरून वेग निघतो. पाणी उथळ असेल तर पृष्ठभागापासून सहा-दशांश खोलीवर, खोल असेल तर दोन-दशांश आणि आठ-दशांश अशा दोन ठिकाणी वेग घेऊन सरासरी काढतात. यंत्र वाहून जाऊ नये म्हणून त्याखाली माशाच्या आकाराचे जड वजन असते. भागाचे क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि अशा सगळ्या भागांची बेरीज म्हणजे विसर्ग. ज्या केंद्रांवर गाळाचाही हिशेब ठेवतात, तिथे पाण्याचे नमुने बाटल्यांत भरून घेतात.

हे सगळे नावेत बसून किंवा पुलावरून करणारे लोक म्हणजे केंद्रावरचे खलाशी, मदतनीस आणि कनिष्ठ अभियंते. भीमा पात्र भरून चालली असताना, वरून झाडाचे ओंडके येत असताना नाव मध्यावर स्थिर ठेवणे सोपे नाही. नाव घालताच आली नाही तर पाण्यावर तरंगती वस्तू सोडून तिला दोन खुणांमधले अंतर कापायला किती वेळ लागतो ते पाहतात, आणि पृष्ठभागाच्या त्या वेगाला साधारण ०.८५ ने गुणून आतल्या सरासरी वेगाचा अंदाज घेतात. अलीकडे रडारने वेग मोजणारी उपकरणे आली आहेत. उपकरणाला झोप लागत नाही हे खरे, पण त्याची खातरजमा आजही माणसाने उतरून केलेल्या मोजणीवरच होते.

अनेक पातळ्यांना असा विसर्ग मोजून झाला की पातळी आणि विसर्ग यांचा आलेख तयार होतो. मग पूर आला की पातळी वाचून आलेखावरून विसर्ग सांगता येतो. पण तो एकदा काढून भिंतीवर टांगून ठेवायचा कागद नव्हे. पूर तळ खरवडतो, वाळू उपसली की पात्र खाली जाते, बंधाऱ्याच्या फुगवट्याने पाणी तुंबते, आणि चढत्या पुरात त्याच पातळीला जितके पाणी जाते त्यापेक्षा उतरत्या पुरात कमी जाते. म्हणून दरवर्षी पुन्हा मोजायचे, पुन्हा आलेख तपासायचा. या न संपणाऱ्या कामात आयोगाचे खरे मोठेपण आहे, असे माझे मत आहे. धरणाचे उद्घाटन होते, त्यावर कोनशिला बसते. चाळीस वर्षे न चुकता भरलेल्या नोंदवहीला कोनशिला नसते.

त्या नोंदवह्यांचे वजन किती असते ते कृष्णेच्या पाणीवाटपात दिसले. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालचा लवाद एप्रिल १९६९ मध्ये नेमला गेला. योगायोगाने तोच काळ युनेस्कोच्या आंतरराष्ट्रीय जलविज्ञान दशकाचा, १९६५ ते ७४ चा. जगभर देश आपापल्या नद्यांच्या नोंदी नीट लावत होते आणि इथे तीन राज्ये नोंदींवरूनच भांडत होती. लवादाने विजयवाड्याच्या १८९४-९५ ते १९७१-७२ या ७८ वर्षांच्या मालिकेवरून, शंभरातल्या पंचाहत्तर वर्षांत हमखास मिळेल असे पाणी २०६० टीएमसी धरले आणि त्यातले ५६० महाराष्ट्राला दिले. खोऱ्याचे उपखोऱ्यांत तुकडे केले, त्यात वरची भीमा 'के-५' झाली. पुढे २००४ मध्ये नेमलेल्या न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार लवादाने १९६१-६२ पासूनची ४७ वर्षांची मालिका घेतली आणि त्याच पंचाहत्तर टक्के खात्रीचा आकडा २१७३ टीएमसी काढला. नोंदींचा काळ बदलला आणि शंभराहून जास्त टीएमसीचा फरक पडला. त्या शंभर टीएमसीत उजनीचा उपयुक्त साठा जवळजवळ दोनदा मावतो.

पण एक अडचण सुरुवातीपासून होती आणि ती दरवर्षी वाढत गेली. दौंडला मोजले जाते ते नदीचे मूळ पाणी नव्हे. वर पानशेत, वरसगाव, खडकवासला, पवना, चासकमान, भामा आसखेड आहेत. घोड-कुकडीच्या अंगाला डिंभे, माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि चिंचणीचे घोड धरण आहे. निसर्गाने किती पाणी दिले हे काढायचे तर दौंडच्या विसर्गात धरणांत अडवलेले मिळवायचे, कालव्यांनी नेलेले मिळवायचे, जलाशयांवरून उडून गेलेले मिळवायचे, आणि वापरून परत आलेले वजा करायचे. बाष्पीभवनासाठी सव्वा मीटर भरेल न भरेल अशा व्यासाचे, वीतभर खोल उघडे पात्र असते. रोज सकाळी त्यातले पाणी किती उतरले ते पाहायचे. वैशाखात दौंडच्या उन्हात ते किती झपाट्याने उतरते हे ज्याने पाहिले आहे, त्याला उजनीच्या उथळ, पसरट फुगवट्यावरून वर्षाला किती पाणी आभाळात जात असेल याची कल्पना येईल.

त्यात पुण्याची भर. शहराला खडकवासल्यातून पाणी जाते आणि सांडपाणी होऊन मुळा-मुठेत येते. त्यातले काही शुद्ध करून मुंढव्याहून बेबी कालव्याने हवेली-दौंडच्या शेतीला देतात. ते उसाच्या मुळाशी मुरते, विहिरीत उतरते, विहिरीतून पुन्हा मोटारीने वर येते. ढग, डोंगर, नदी, समुद्र असे जलचक्राचे चित्र पुस्तकात असते. आपल्या तालुक्यातले जलचक्र धरणातून नळात, नळातून गटारात, गटारातून कालव्यात आणि कालव्यातून विहिरीत असे फिरते, आणि त्याचीही मोजणी करावीच लागते.

नोंदी वह्यांत होत्या तोवर त्यांचा उपयोग मर्यादित होता. पावसाच्या नोंदी एका खात्याकडे, नदीच्या दुसऱ्याकडे, भूजलाच्या तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. १९९५ मध्ये जागतिक बँकेच्या कर्जाने आणि नेदरलँड्सच्या तांत्रिक मदतीने जलविज्ञान प्रकल्प सुरू झाला. दक्षिणेकडच्या राज्यांबरोबर महाराष्ट्रही त्यात होता. जुन्या वह्या संगणकात चढल्या आणि राज्याचे काम नाशिकला एकवटले. २००६ नंतरच्या दुसऱ्या टप्प्यात कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी पुण्याच्या सिंचन भवनात तात्काळ प्रवाह-अंदाज आणि जलाशय-संचालन यांची यंत्रणा उभी राहिली. डेन्मार्कच्या डीएचआय संस्थेने तिची प्रारूपे बांधली. पर्जन्यमापक आणि पातळीमापक आपोआप आकडे पाठवतात, प्रारूप ते खोऱ्यावर चालवून पुढच्या पाण्याचा अंदाज देते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले तेव्हा खालच्या गावांना काय कळले आणि केव्हा, हे आठवणाऱ्या पिढीला या यंत्रणेचे मोल सांगायला नको.

वरच्या भीमेच्या या नोंदींवर परदेशी संशोधकांनीही अभ्यास केले आहेत. पर्जन्यछायेचा प्रदेश, पावसातला टोकाचा फरक, दाट धरणे आणि ऊस हे सगळे एका खोऱ्यात मिळत असल्याने भीमा ही त्यांना जणू प्रयोगशाळा वाटते. मोजणी आता आकाशातूनही होते. २००२ पासून ग्रेस नावाचे जोडउपग्रह गुरुत्वाकर्षणातल्या सूक्ष्म बदलांवरून जमिनीतले-वरचे एकूण पाणी किती घटले-वाढले ते सांगू लागले. वायव्य भारतातले भूजल किती वेगाने उपसले जाते हे जगाला त्यांच्यामुळे समजले. पण त्यांना स्पष्ट दिसायला लाखभर चौरस किलोमीटरचा पसारा लागतो. दौंडच्या वरचा मुलूख त्याच्या आठव्या-नवव्या हिश्श्याएवढा. म्हणून आकाशात उपग्रह असले तरी काठावर पट्टी वाचणारा माणूस लागतोच.

२०२३ च्या पावसाळ्यात उजनी भरले नाही आणि जून २०२४ पर्यंत साठा उणे साठ टक्क्यांच्या जवळ गेला. 'उणे' म्हणजे धरण कोरडे नव्हे. धरणाच्या ११७ टीएमसीपैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे, त्यालाच हात लागला होता. त्यानंतरच्या जुलै-ऑगस्टमध्ये घाटात पाऊस झाला आणि दौंडचा आकडा चढू लागला. एक लाख क्युसेक विसर्ग दिवसभर टिकला तर ८.६४ टीएमसी पाणी होते. म्हणजे उपयुक्त साठ्याचे साडेत्रेपन्न टीएमसी भरायला तसे सहा-सव्वासहा दिवस पुरतात. ऑगस्टच्या सुरुवातीलाच धरण भरले आणि खाली पंढरपूरला पुराची काळजी सुरू झाली. दोन महिन्यांत पाण्याच्या चिंतेची दिशाच उलटली, आणि दोन्ही वेळी निर्णय घेणारे एकाच केंद्राच्या आकड्याकडे पाहत होते.

मोजायचे राहून गेलेले काम मात्र खूप आहे. भीमा आणि घोड या नद्यांवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. त्यांतून शेकडो मोटारी पाणी उचलतात. तो उपसा कुणाच्याही वहीत नीट येत नाही, अंदाजानेच धरला जातो. भूजल सर्वेक्षण यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून काही ठरावीक वेळा घेते, पण विहिरी आणि नदी यांतली देवघेव रोजची आहे. त्यामुळे उन्हाळ्यात दौंडचा विसर्ग शून्यावर येतो तेव्हा नदीतले पाणी नेमके कुठे गेले, याचा हिशेब पुरा लागत नाही. पुढच्या टप्प्यात शिरूर-दौंडच्या प्रत्येक बंधाऱ्यावर एक मोजपट्टी यावी, तिची सकाळची नोंद गावातल्याच शिकवून तयार केलेल्या मुला-मुलींनी घ्यावी, ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी आणि त्याच दिवशी पुण्याच्या विभागाकडे जावी, अशी माझी केंद्रीय जल आयोगाकडे मागणी आहे. त्याला मोठा खर्च येत नाही. पट्टी, रंग, वही आणि ती तपासायला महिन्यातून एकदा येणारा अभियंता एवढेच पुरेसे आहे.